बसव्वा नावाचा पंप

भरमाप्पा हत्तरगी माझ्या राजारामपुरीतल्या ऑफिसात पहिल्यांदा आले ते शहाण्णव साली. दारात चपला काढल्या, खुर्चीच्या कडेवर टेकले आणि म्हणाले, "वकीलबाई, मामानं माझ्या अक्काचं नाव पळवलंय."

"कुठल्या मामानं?"

"माझ्या. म्हंजे आमच्या भाऊजीनं."

"मामानं की भाऊजीनं?"

"एकच की वो ते!"

माझे कारकून आकाराम दाराशी उभे होते. त्यांनी तिथूनच समजावलं, "मॅडम, ह्यांच्यात बहिणीची पोरगी करत्यात. गडहिंग्लजच्या खाली उतरलं की घरोघर असंच हाय."

म्हणजे भरमाप्पांच्या आईचा धाकटा भाऊ सोमाण्णा मुगळी. त्याचं लग्न भरमाप्पांच्या थोरल्या बहिणीशी झालेलं. लिंगायत घरं, घरात निम्मं कानडी. मी कागदावर वंशवृक्ष काढायला घेतला आणि थोड्याच वेळात त्याची जाळी झाली. भरमाप्पांची मुलं सोमाण्णांना काय म्हणतात, असं मी विचारलं. "ते येळेवर हाय. माझी म्हातारी आई समोर असली की आजा म्हणत्यात, न्हाईतर मामा," ते म्हणाले. मी ब्राह्मणाघरची, दत्तोपंत मास्तरांची मुलगी. आमच्याकडे गोत्र जुळलं तरी लग्न मोडायचं. मी तो कागद चुरगळला आणि खटल्याकडे वळले. खटला त्या मानानं सोपा वाटत होता.

भरमाप्पांच्या वडिलांनी उद्यमनगरात फाउंड्री काढली. साठच्या दशकात तिथं विहिरीवरचा पंप तयार व्हायला लागला. त्याच्या अंगावर ओतीव अक्षरात नाव होतं, 'बसव्वा'. अक्कांचं नाव. पंप चांगला निघाला. निपाणी, बेळगाव, पार हुबळीपर्यंतचे दुकानदार 'बसव्वा द्या' एवढंच म्हणायचे. वडील गेले, मामा आणि भाचा भागीदार झाले, मग भांडले. मामानं शिरोलीला वेगळी शेड टाकली आणि तिथूनही बसव्वा निघायला लागला. आता एका बाजारात दोन बसव्वा. ज्याचं नाव जाणार त्याची शेड बंद पडणार, हे दोघांनाही कळत होतं. शेडमध्ये काम करणाऱ्यांना त्यांच्याआधी कळलं होतं.

मला आणखी एक गोष्ट कळत होती. हा दावा जिंकला तर मी वकील होणार होते.

तशी सनद माझ्याकडे त्र्याऐंशीपासून होती. पण कोल्हापुरात बाई वकील म्हटलं की पोटगी, वाटणी आणि फार तर भाडेकरूला बाहेर काढणं. एकदा आमच्या बारमधल्या एका ज्येष्ठांना मी म्हटलं, मला व्यापारी दावे चालवायचेत. ते प्रेमानं म्हणाले, "कुमुद, त्यात फार वाचावं लागतं गं." मग मी वाचलं. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ट्रेडमार्कची पुस्तकं आणली, दुसऱ्या कुणाच्या पेन्सिलीच्या खुणांसकट. न समजलेलं दुसऱ्यांदा वाचलं, तरी न समजलेलं पाठ केलं. एका चटणीवाल्याच्या पुडीचा दावा मिळाला, तो जिंकला. एका फरसाणवाल्याचा मिळाला, तो मिटला. आणि मग हा बसव्वा. समोर सोमाण्णांनी पुण्याहून भागवत वकील आणले होते. रुबाबदार माणूस. कोर्टात वाकून 'माय लर्नेड फ्रेंड' म्हणायचे आणि तोंडावर हसू असं ठेवायचे, की आपली साडी उलटी नेसली गेलीय की काय अशी शंका यावी.

माझा मुद्दा एकच होता, पण भक्कम होता. सोमाण्णांचं म्हणणं, पंपाला नाव मी दिलं, माझ्या बायकोचं. आमचं म्हणणं, नाव वडिलांनी दिलं, लेकीचं, म्हणून ते फाउंड्रीचं आणि फाउंड्री भरमाप्पांची. अक्कांचं लग्न सहासष्टचं. आणि नेसरीजवळच्या एका पडक्या विहिरीतून आम्ही एक जुना पंप वर काढला होता. त्याच्यावर 'बसव्वा' होतं आणि खाली ओतलेलं साल होतं, एकोणीसशे चौसष्ट. बायकोच नव्हती तर बायकोचं नाव कुठून आलं?

तो पंप हमालांनी कोर्टात आणला तेव्हा बेलिफ म्हणाला, "ह्याला नंबर कुठं चिकटवू? शेवाळ लागलंय." भागवतांच्या हसण्यात पहिल्यांदा जरा खंड पडला. मी घरी जाऊन श्रीखंड केलं.

आता अक्का तर जिवंत, चालत्याबोलत्या. त्यांना साक्षीला का बोलावलं नाही? मी बोलावलं नाही, कारण त्या नवऱ्याच्या बाजूनं बोलतील. भागवतांनी बोलावलं नाही, कारण त्या भावाच्या बाजूनं बोलतील. दोघेही याला धोरण म्हणत होतो.

दोन हजार एक साली भरमाप्पांची उलटतपासणी निघाली.

"चौसष्ट साली तुम्ही शाळेत होता?" भागवतांनी विचारलं.

"व्हय."

"मग पंपाला नाव कुणी दिलं, हे तुम्हाला कसं माहीत?"

"आमच्या आण्णांनी दिलं. कारखाना त्यांचा."

"वडिलांनी तुम्हाला तसं सांगितलं?"

"सांगाय कशाला लागतंय? लेक त्यांची."

"म्हणजे सांगितलं नाही. तुम्ही आपलं धरून चाललात."

"धरून न्हाई वो. हाय ते हाय."

"मिस्टर हत्तरगी, तुम्ही शपथेवर खोटं बोलताय."

भरमाप्पा लाल झाले. मी उठून हरकत घेणार, तेवढ्यात ते न्यायाधीशांकडे वळले आणि बाजारात ओरडावं तसे ओरडले, "सायेब, ही पुस्तकाची शपथ ऱ्हाऊ द्या! माझ्या अक्कानं हितं येऊन गळ्यातल्या लिंगाला हात लावून सांगावं. ती म्हणंल ते मला मान्य. ती मामा म्हटली तर दावा सोडला!"

माझ्या हातातलं पेन खाली पडलं, ते मी उचललंही नाही.

वाचकाला ही भानगड सांगितली पाहिजे. लिंगायताच्या गळ्यात इष्टलिंग असतं, जन्मापासून मरेपर्यंत. त्याला हात लावून माणूस धंद्याबद्दल बोलत नाही. बोलला तर ते खोटं नसतं, असं सगळा समाज धरून चालतो. आणि कायद्याचं असं, की 'अमका म्हणेल ते मला मान्य' असं पक्षकारानं भर कोर्टात म्हटलं, की त्या अमक्याचं बोलणं ते याचंच बोलणं. मागे फिरायला वाट नाही. म्हणजे मी पाच वर्षं वाचलेलं, विहिरीतून काढलेलं, रचलेलं सगळं भरमाप्पांनी एका दमात एका बाईच्या तोंडावर नेऊन ठेवलं होतं.

"साहेब, माझ्या अशिलाशी बोलायला मला दोन मिनिटं द्यावीत," मी म्हटलं.

व्हरांड्यात मी त्यांना धरलंच. "भरमाप्पा, डोकं ठिकाणावर आहे का? आपण जिंकत होतो!"

"मग काय झालं? अक्का खरंच बोलणार."

"त्या नवऱ्याकडे राहतात."

"पन बहीण माझी हाय की."

"आणि वेगळंच काही बोलल्या तर?"

"वेगळं काय बोलंल?" त्यांनी निरागसपणे विचारलं. आकाराम हळूच म्हणाले, "मॅडम, अंगात आलंय त्यांच्या. आता न्हाई उतरायचं."

आत भागवत सोमाण्णांच्या कानाशी लागले होते. सोमाण्णा साठी ओलांडलेले, भट्टीसमोर आयुष्य गेल्यानं भुवया विरळ झालेल्या. ते एकदम उभे राहिले. "मला बी मान्य हाय. बसव्वाला आणा." भागवतांनी कपाळाला हात लावला. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते आपल्यातले वाटले.

अक्का आल्या त्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. दोन्ही शेडचे कामगार आलेले. अक्का पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, इरकली लुगडं, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यांनी भावाकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही. बघितलं ते त्या शेवाळलेल्या पंपाकडे. जरा वाकून, एखाद्या जुन्या शेजारणीकडे बघावं तसं.

न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, या पंपाला तुमचं नाव कुणी दिलं? तुमच्या वडिलांनी की पतीनं?"

अक्कांनी पदराखालून गळ्यातली लिंगाची चांदीची डबी मुठीत धरली. "मामानं," त्या म्हणाल्या.

मागून कुणीतरी शिट्टी मारली, बेलिफानं हाकललं. दावा तिथंच संपला होता. पण सवय वाईट असते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "साहेब, एवढंच विचारावं, की चौसष्ट साली हे यांचे पती नव्हते. मग कसं?"

साहेबांनी विचारलं. अक्कांनी माझ्याकडे असं बघितलं, की शिकलेल्या बायकांना एवढंही कसं समजत नाही.

"न्हवरा न्हवता. पन पाळण्यात घातलं तवाच सगळ्यांनी म्हटलंतं, ही सोमाची. आमच्यात असतंय तसं. मोठी झाल्यावर मी न्हाई म्हटलं. ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली त्याच्यासंगं संसार कसा करू? मला मामा तो मामाच वाटायचा. आण्णा म्हटले, नको तर नको. संकेश्वरचं स्थळ आलं. ह्ये आण्णांच्या भट्टीवरच कामाला हुते. तवर ह्येनी काय केलं," त्यांनी मान न वळवता नुसता हात सोमाण्णांकडे केला, "माझं नाव लोखंडात वतलं. आण्णांना न इचारता. पंप गेला बाजारात, आणि सोमानं आपल्या होणाऱ्या बायकोचं नाव वतलं, हे बोलणं बी गेलं. स्थळ बघाय आलेल्या माणसांनी लक्ष्मीपुरीत दुकानासमोर माझं नाव वाचलं आणि तिथनंच परत गेली. मग कोण येतंय? दोन वर्षांनी मी हो म्हटलं."

साहेबांनी लेखनिकाला लिहायचं थांबवलं.

"म्हणजे तुमच्यावर जबरदस्ती झाली?" साहेबांनी जरा हळू विचारलं.

अक्कांनी डबीवरची मूठ सोडली नाही. "राग आलता, सायेब. लई आलता. आणि कुणीतरी आपलं नाव एवढं पक्कं केलं म्हणून बरं बी वाटलं. त्यातलं किती काय हुतं, ते लिंगाला हात लावून सांगाय येणार न्हाई. खोटं पडंल."

साहेबांनी लेखनिकाला एकच ओळ सांगितली, नाव प्रतिवादीनं दिलं. बाकीचं ते लिहून घेईनात. मग म्हणाले, आदेश सोमवारी, तोवर आपसात काही मिटत असेल तर बघा.

मी हरले होते. माझा चौसष्टचा भक्कम मुद्दा माझ्यावरच उलटला होता. लग्नाआधी नाव कुठून येणार, असं मी विचारलं होतं आणि ते आलं होतं लग्नासाठीच. पण भागवत जवळ आले, हात पुढे केला आणि हसले नाहीत. "मॅडम, मी जिंकलो ना?" त्यांनी विचारलं. "असं वाटतंय," मी म्हटलं.

बाहेर व्हरांड्यात आणखी गोंधळ. सोमाण्णा बाकावर बसून गुडघ्यात डोकं घालून रडत होते. भरमाप्पा शेजारी उभे, काय करावं न सुचून त्यांच्या पाठीवर फाईलनं वारा घालत.

"मामा, आता का रडताय? जिंकलाय तुम्ही."

"नाव घे तू. मला नको."

"मी सोडलंय. लिंगावर सोडलंय. मला कसं घेता येईल?"

"अरं घे म्हणतो की!"

"न्हाई जमायचं!"

पाच वर्षं जे नाव दोघं आपापल्याकडे ओढत होते, ते आता एकमेकांच्या अंगावर ढकलत होते. मागे दोन्ही शेडचे कामगार तोंड उघडं टाकून उभे. एकजण म्हणाला, "मग उद्या कामाला यायचं का न्हाई, तेवढं सांगा." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वकील. मला माहीत असणार.

"वकीलबाई," अक्का म्हणाल्या. त्या माझ्या शेजारी कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. "माझं नाव वतत्यात कसं, ते मला बघायचंय."

"तुम्ही बघितलं नाही कधी?"

"बायकांनी भट्टीपाशी जायचं न्हाई, असा आण्णांचा नेम. डबा पोचवाय जायची, तोबी फाटकापातूर."

भरमाप्पा चपापले. "अक्का, भट्टी बाटती म्हणत्यात."

"आज एवढं बाटलंय सगळं," अक्का म्हणाल्या, "त्यात भट्टीचं काय घेऊन बसलाईस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही उद्यमनगरात गेलो. अक्का, त्यांच्या मागे दोन पावलं सोमाण्णा, मी आणि आकाराम. मलाही आत पहिल्यांदाच जायला मिळत होतं. पाच वर्षं फाउंड्रीचा दावा चालवला, पण बाईमाणूस म्हणून मला नेहमी पुढच्या ऑफिसात बसवून चहा दिला जायचा. आत अंधार, काळी रेती, आणि एका कोपऱ्यात भट्टी अशी धगधगत होती की तिच्याकडे नीट बघवत नव्हतं. रेतीचे साचे ओळीनं मांडलेले. साचे बसवणारे पिराजी मिस्त्री अक्कांना बघून उठले, हात जोडले आणि परत बसले.

अक्का एका उघड्या साच्यापाशी वाकल्या. "हे उलटं हाय की रं."

"साच्यात उलटंच असतंय, अक्का. वतून गार झालं की सरळ दिसतंय," पिराजी म्हणाले.

"असू दे. मला वाचाय सरळ बी कुठं नीट येतंय?" त्यांनी रेतीतल्या खोलगट अक्षरांवरून, न टेकवता, बोट फिरवलं. मग पिराजींनी साचा मिटला. तिकडे माणसांनी वितळलेल्या लोखंडाची बादली भरून घेतली. दोघंजण दांड्याला धरून, तापलेल्या तोंडानं चालत आले आणि साच्यापाशी थांबले.

भरमाप्पांनी मामाकडे बघितलं. मामानं भरमाप्पांकडे. कुणीच 'ओता' म्हणेना. एकानं शपथेवर सोडलेलं, दुसऱ्याला नकोसं झालेलं. मग दोघांचीही नजर अक्कांकडे गेली.

"अक्का, वतायचं का?" भरमाप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

अक्का विचार करायला लागल्या.

"अक्का, सांगा की लवकर!" दांडा धरलेला एकजण ओरडला. "गार झालं तर बादलीतच बसंल!"

"थांब की," अक्का म्हणाल्या. "एवढ्या वर्सांत पयल्यांदा इचारलंय कुणीतरी. इचार करू दे."

सोमाण्णांच्या तोंडावर घाम आला होता. तो भट्टीचा की कशाचा, देव जाणे. दांडेवाल्यांनी पाय रोवले. बादलीतल्या लालीवर साय धरावी तशी कडेनं काळसर कड यायला लागली. माझ्या मनात येत होतं, आता या 'नको' म्हणाल्या तर दोन्ही शेड गेल्या, आणि 'ओता' म्हणाल्या तर मीच चिडेन की काय. नक्की काय व्हावं असं मला वाटत होतं, ते आजही मला नीट सांगता येत नाही.

"बसव्वा," सोमाण्णा म्हणाले. फक्त नाव घेतलं, पुढं काही नाही. भरमाप्पांनी माझ्या कानात सांगितलं, मामा तिला नावानं हाक मारताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. नेहमी 'ए' नाहीतर 'ऐकलंस का'.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. कोर्टात आल्यापासून पहिल्यांदाच. मग दांडेवाल्यांकडे वळल्या.

"आजचं वता," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या इचारा."

लोखंड साच्यात गेलं. धूर झाला, रेतीतून निळ्या ज्योती निघाल्या आणि कामगारांनी एकदम श्वास सोडला. अक्का धुरातून डोळे बारीक करून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढंच व्हय? मला वाटलं, लई आवाज येत आसंल."

रविवारी मी ऑफिसात तडजोडीचा मसुदा करायला बसले. सोमवारी तो कोर्टात द्यायचा होता. दोघांनीही पंप करावेत, दोघांनीही नाव वापरावं, अक्कांच्या संमतीनं. इथपर्यंत पेन छान चाललं. मग मी पुण्याला भागवतांना फोन लावला.

"संमती कायमची की मुदतीची?" त्यांनी विचारलं.

"रोजची."

"रोजची म्हणजे?"

"रोज विचारायचं. त्या म्हणतील तर ओतायचं."

"मॅडम, हे मी पंचवीस वर्षांत लिहिलेलं नाही. टिकेल हे?"

"माहीत नाही."

"आणि एखाद्या दिवशी त्या नाही म्हणाल्या तर? कामगारांचं काय?"

"तेही माहीत नाही."

"बरं, विचारणार कोण? भाऊ की नवरा?"

हे मला सुचलंच नव्हतं. भागवत खरंच हुशार माणूस. मी त्यांना थांबायला सांगितलं, आकारामांना टायपिंग बंद करायला लावलं आणि सोमाण्णांच्या घरी फोन फिरवला. अक्कांनीच उचलला. मी सगळं समजावून सांगितलं, कलम, संमती, रोजचं विचारणं, आणि शेवटी प्रश्न, की विचारायचं कुणी.

मागून सोमाण्णांचा आवाज आला, "कुणाचा फोन हाय?"

"माझा हाय," अक्का म्हणाल्या, आणि मग मला, "वकीलबाई, भाकरी तव्यावर हाय. जेवून सांगते."